पिळणे, कट मारणे, पुंगळी काढणे : नाशिकच्या गाडीवाल्यांची बोली

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नाशिकमध्ये 'गाडी' म्हटलं की दोन चाकांचीच धरायची. चार चाकांची असेल तर माणूस 'फोर व्हीलर आणलीय' असं आवर्जून सांगतो. बरं, ही गाडी आपण उभी करत नाही, 'लावतो'. आणि तिला नुसती चालवणारे तर फार थोडे. वडिलांच्या पिढीने ती दामटली, आम्ही हाणली, आता कॉलेज रोडची पोरं पिळतात, म्हणजे रेसची मूठ पिळून सुसाट.

गाडीवाल्यांच्या तोंडचे असे शब्द गोळा करायला हा धागा. दोनच विनंत्या. इंग्रजी याद्या उचलून इथे ओतू नका, त्या कुणालाही सापडतात. आणि शब्द टाकलात तर तो कोण, कुठे, कशासाठी वापरतं तेही लिहा.

माझ्याकडून तीन.

कट मारणे : साध्या ओव्हरटेकला कट म्हणत नाहीत. पुढच्याच्या हँडलला आपला आरसा घासेल इतक्या जवळून काढायची आणि लगेच त्याच्या पुढ्यात आडवं यायचं, तो कट. संध्याकाळी द्वारकेला उभे राहा, मन भरेपर्यंत बघायला मिळेल. 'कट मारल्याच्या कारणावरून मारहाण' ही बातमी तर पेपरात इतक्यांदा येते की तिचा वेगळा कॉलम काढायला हरकत नाही.

मामा : वाहतूक पोलीस. 'मुंबई नाक्याला मामा आहेत' एवढं ऐकलं की टाकीवर ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं. 'आहेत' या बहुवचनाकडे लक्ष असू द्या. पाठीमागे पांडू म्हणणारेही गाडी बाजूला घ्यायला सांगितली की 'साहेब, साहेब' करतात.

पासिंग : गाडी कुठल्या आरटीओची ते सांगायला. एमएच १५ म्हणजे 'पंधरा पासिंग', आपली. मालेगावची एक्केचाळीस, धुळ्याची अठरा. 'गाडी चांगली आहे, पण बारा पासिंग आहे' म्हणजे पुण्याची, ट्रान्सफरच्या कागदांची कटकट आलीच.

माझं मत विचाराल तर जो शब्द काही काम करतो, म्हणजे धोका सांगतो, फिटरला दुखणं समजावतो किंवा सौदा पटवतो, तो टिकतो. शान मारायचे शब्द दर पाच-सात वर्षांनी भंगारात जातात. पटत नसेल तर भांडा.

पाना_दहाअकरा

धागा भारी. सातपूरला वडिलांचं गॅरेज होतं आणि शाळा सुटल्यावर प्लग घासायचं काम माझ्याकडे. त्यामुळे माझे शब्द सगळे दुखण्याचे आहेत.

गिऱ्हाईक जो शब्द वापरेल त्यावरून वडील हत्यार उचलायचे. 'मिसिंग मारते' म्हणाला की आधी प्लग. 'कचरा आला' म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमध्ये घाण. 'रेस वाढते पण उठत नाही' म्हटलं की क्लच प्लेटा. आणि 'ऑइल पिते' म्हटलं की वडील काही न बोलता गार सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचे. बोटाला कोरडी काजळी आली तर ठीक. ओलं, चिकट काळं आलं की बोट फडक्याला पुसत म्हणायचे, 'बसा, चहा घ्या.' चहा आला म्हणजे आकडा मोठा आहे हे जुन्या गिऱ्हाइकांना बरोबर कळायचं.

टॅपेट (व्हॉल्व्हची) वाजणं वेगळं आणि कनेक्टिंग (पिस्टनचा रॉड) वाजणं वेगळं. टॅपेटची टिकटिक वरून, हेडमधून येते. पाना आणि फिलर गेज घेऊन बसलं की मिटते. कनेक्टिंगचा ठोका खालून येतो आणि रेस दिली की वाढतो. तो आला की 'फुल इंजिन', म्हणजे सगळं खोलून क्रँक बाहेर काढायचा. हेड आणि बोअर-पिस्टनवर भागलं तर ते 'हाफ इंजिन'. हाफ आणि फुल या दोन शब्दांत घरातलं महिन्याचं बजेट इकडचं तिकडे होतं.

बोअर मारणे : सिलिंडर आतून झिजला की तो मशीनवर थोडा मोठा करतात आणि त्या मापाचा नवा पिस्टन टाकतात. मापं ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटरने वाढत जातात. गॅरेजात दशांश कोण उच्चारणार? पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. 'ही पन्नासला आहे' म्हणजे दोनदा मोठी झालेली, किंवा पंचवीसची पायरी गाळून थेट पन्नासला नेलेली. शंभर संपलं की स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी. आणि जिला अजून हात लागलेला नाही ती 'स्टँडर्डला'. जुनी टू स्ट्रोक विकताना 'स्टँडर्डला आहे' हे वाक्य खरं निघालं तर किंमत वाढते. सहसा निघत नाही.

रिमचा 'आउट काढणे' हेही घ्या. आरे सैल झाले की चाक फिरताना डुलतं, मग एकेक आरा ताणून ते सरळ करायचं. बिनआऱ्यांची मॅकव्हील आली आणि ही कला बसली. हो, मॅकव्हीलच. मॅग व्हीलचं मॅकव्हील, चेन स्प्रॉकेटचं चेन सॉकेट, शॉक ॲब्सॉर्बरचं शॉकअप. दुकानात शुद्ध उच्चार केलात तर काउंटरवरचं पोरगं 'नक्की काय पाहिजे?' विचारतं.

एक खास नाशिकचं. प्लग कुठल्याही कंपनीचा असो, वडील 'मायको टाक' म्हणायचे. मायकोचा कारखाना आमच्या सातपूरलाच, पण तिथे होतात ते डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगायचं.

मिसळ_जहाल

+१ आणि वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझा शब्द : मिसळ राइड. बाकी जग ज्याला ब्रेकफास्ट राइड म्हणतं ते. रविवारी पहाटे जॅकेट, ग्लोव्ह्ज, नी गार्ड, बूट असा सगळा सरंजाम चढवायचा आणि मखमलाबाद रोडच्या एखाद्या मळ्यातल्या मिसळीपर्यंत जायचं. रस्सा दोनदा मागायचा, दहा गाड्या ओळीत लावून फोटो काढायचा, नऊ वाजता घरी. लडाखला निघाल्यासारखा थाट आणि अंतर दळण आणण्याइतकं. (हलके घ्या, मीही त्यातलाच.)

दुधाची_राजदूत

वय झालं आहे, टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

आमच्या वेळी मोटरसायकलला फटफटी म्हणत. पण तुम्हाला कामाचे शब्द हवेत, तर बुलेटच्या किकेपासून सुरू करतो. जुन्या बुलेटला हेडलाइटच्या वर ॲम्पिअरचा काटा असे. 'काटा मधे आण' असं नवशिक्याला सांगायचं. म्हणजे किक हळूहळू दाबत न्यायची, पाय अडला आणि काटा मधोमध आला की थांबायचं. मग डीकॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, चावी ओढून किक जराशी पुढे सरकवायची, चावी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एक. एवढा जप न करता दणादण पाय मारला की गाडी 'उलटी किक' मारायची. पोटरीवर बसली की माणूस आठवडाभर लंगडायचा आणि गल्लीत सगळ्यांना कारण ठाऊक असायचं.

तेव्हा बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. अजूनही जाणकार 'उजव्या गिअरची आहे का?' असं विचारतात, त्यावरून गाडीची पिढी कळते. टाचेने दाबायचा न्यूट्रलचा वेगळा खटका होता, त्याला आम्ही टाचेचा न्यूट्रल म्हणायचो. सिग्नलला कुठल्याही वरच्या गिअरमधून टाच दाबली की गाडी मोकळी.

येझदीची तर किक आणि गिअर एकच दांडी. 'दांडी वर घे' म्हणजे किक, 'दांडी पाड' म्हणजे गिअर. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला तरी पंचवटीत अशा गाड्या बरीच वर्षं दिसायच्या. दोन सायलेन्सर, मागे निळा धूर, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मापून ओतायचं. ते विसरलं की पिस्टन 'धरायचा'. चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम अडकतं तेव्हा 'धरला' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जुने लोक म्हणून टू स्ट्रोक चालवताना दोन बोटं कायम क्लचवर ठेवत.

राजदूत दूधवाल्यांची, दोन बाजूंना दोन कॅन. तिची थोरली बहीण म्हणजे १९८३ ला आलेली साडेतीनशेची आर्डी (राजदूत ३५०). तिच्यात एचटी आणि एलटी अशा दोन जाती, हाय टॉर्क आणि लो टॉर्क. जवळ एलटी असली तरी सांगताना सगळ्यांची एचटीच असायची.

पाना_दहाअकरा

@दुधाची_राजदूत काका, दंडवत. आरेक्स राहिली. आरएक्स १००, १९८५ ते १९९६, ९८ सीसी. तिची ओळख 'हाफ किक'. पूर्ण पाय खाली न्यायची गरज नाही, अर्ध्यात चालू. विकणारा आजही हाताने किक दाबून चालू करून दाखवतो आणि किंमत तिथेच वाढते. तिला ऑइलची वेगळी टाकी होती, 'टूटी' (टू स्ट्रोकचं ऑइल) टाकायची. पंपावर 'टूटी द्या' म्हणणारे आता फार दिसत नाहीत.

शेवटून_पहिला

धागाकर्त्याची पहिली अट मला मान्य नाही. मी ग्रुपमध्ये स्वीप असतो, म्हणजे सगळ्यात मागे. आमचे शब्द इंग्रजी आहेत म्हणून बाद का?

लीड म्हणजे पुढचा, रस्ता त्याला माहीत. स्वीप म्हणजे शेवटचा. कोणाची चेन उतरली, कोण लघवीला थांबला हे त्याला माहीत. मधल्यांनी स्वीपच्या मागे जायचं नाही आणि लीडच्या पुढे जायचं नाही. स्टॅगर्ड म्हणजे एक उजवीकडे, त्याच्या मागचा जरा अंतर ठेवून डावीकडे, म्हणजे प्रत्येकाला समोर ब्रेक मारायला जागा राहते. वळणांच्या घाटात मात्र एकेरी रांग. हे नियम न पाळणारा 'हिरो' एका तरी राइडला असतोच आणि त्याच्यामुळे सगळ्यांना टपरीवर ताटकळावं लागतं.

हातवारेही भाषाच आहे. डोक्यावर टपली मारली की पुढे मामा. टाकीकडे बोट केलं की पेट्रोल. उजवा पाय खाली सोडला की उजवीकडे खड्डा, कारण उजवा हात रेसवरून काढता येत नाही.

आणि 'चिकन स्ट्रिप' शब्दाला मराठी पर्याय द्याच. गाडी वळणात झुकते तेव्हा टायरची कडेची पट्टी रस्त्याला टेकते. जो झुकवायला घाबरतो त्याच्या टायरच्या कडा नव्यासारख्या कोऱ्या राहतात. चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांची मागची टायरं बघून हसतात ती यासाठी.

गोदाकाठचा

@शेवटून_पहिला, स्वीप मंजूर, काम करणारा शब्द आहे. चिकन स्ट्रिपही मंजूर, पण तो शान मारायचाच आहे. कोऱ्या कडा घेऊन सुखरूप घरी येणाऱ्यांमध्ये मी आहे आणि राहणार.

बिनगिअरची

इतके प्रतिसाद झाले आणि गाडीवर बाईच नाही! मागे बसलेलीही कुणी उल्लेखली नाही.

तर घ्या. 'स्कूटी' हे एका कंपनीच्या एका मॉडेलचं नाव, पण नाशिकमध्ये बिनगिअरची कुठलीही गाडी स्कूटी. मी ऑफिसला ॲक्टिव्हा नेते आणि वॉचमन म्हणतो 'मॅडम, स्कूटी तिकडे लावा'. दुसरा शब्द 'लेडीज गाडी'. दुकानदार अजून म्हणतात, आणि तीच गाडी घेऊन त्यांचा पोरगा डिलिव्हरीला जातो.

'पाय सोडून चालवते' हा टोमणा फक्त बायकांसाठी राखीव. सीबीएसच्या (मध्यवर्ती बस स्टँडच्या) ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या गतीने सरकताना पाय खाली कोण सोडत नाही? पुरुषाने सोडले तर ते बॅलन्स.

आता कामाचा शब्द : साडी गार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ती जाळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ क्रमांकाच्या नियमाखाली, मागच्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाक निम्मं तरी झाकेल असं आवरण सक्तीचं आहे, कपडा आऱ्यांत जाऊ नये म्हणून. गाडी घेतल्या घेतल्या 'लुक जातो' म्हणून पोरं हीच जाळी आधी काढून टाकतात. मग मागे बसणारीने ओढणीला गाठ मारून बसायचं. मी स्वतः मागे बसायच्या आधी वाकून बघते, जाळी नसेल तर रिक्षा करते. कुणाला राग आला तर येवो.

माझ्या बहिणीकडे बुलेट आहे. गॅरेजात फिटर तिला काही विचारत नाही, सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला विचारतो, 'भाऊ, काय प्रॉब्लेम?' त्याला गिअरची गाडी येत नाही.

पाना_दहाअकरा

@बिनगिअरची ताई, शेवटचं वाक्य वाचून फुटलो. साडी गार्डाबद्दल शंभर टक्के सहमत. वडील काढून द्यायला चक्क नाही म्हणायचे.

रात्रपाळी

धाग्याच्या नावात पुंगळी आहे आणि अजून कुणी तिला हात लावला नाही, म्हणून लिहितो. गंगापूर रोडला राहतो, रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणजे प्रयत्न करतो.

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज अडवणारी नळी. ती उपसून काढली की 'पुंगळी काढली'. बुलेटच्या आवाजाला हे लोक 'फायरिंग' म्हणतात, जणू सीमेवर आहेत. बाजारात सायलेन्सरलाही नावं : शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, डॉल्फिन, पंजाब, इंदोरी. पंजाब बसवणाऱ्याला इंदोरीवाला हलका वाटतो म्हणे.

आणि 'फटाके फोडणे'. उतारावर किंवा मोकळ्या रस्त्यावर चालत्या गाडीची चावी किंवा किल स्विच क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायचा. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि पुन्हा ठिणगी मिळाली की तिथेच फुटतं. दवाखान्याच्या भिंतीपाशीही फोडतात.

पाना_दहाअकरा

@रात्रपाळी, तांत्रिक भर घालतो. पुंगळी काढल्यावर ताकद वाढते ही समजूत आहे. जेट न बदलता नळी उपसली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं, आणि रेस सोडली की आपोआप फटफट करतं. टू स्ट्रोकचं तर अजून वाईट, तिथे सायलेन्सरच्या आकारावरच पिकअप ठरतो. आरेक्सची पुंगळी काढून 'आता पळते' म्हणणाऱ्याला फक्त आवाजाने तसं वाटतं.

मिसळ_जहाल

पळते की, मामा मागे लागले की.

घोटीकर

घाटाचे शब्द कुणीच दिले नाहीत, म्हणजे सगळे शहरातलेच दिसताय भो. आम्ही कसाऱ्याच्या डोक्यावर राहतो.

कच : रस्ता दुरुस्त केला की वळणाच्या बाहेरच्या कडेला बारीक खडी साठते. 'पुढे कच आहे' हे दोन चाकांवरच्याला सांगायचं सगळ्यात मोठं पुण्य. कचेवर पुढचा ब्रेक धरला की गाडी 'आडवी होते'. पडण्याला आमच्याकडे दर्जे आहेत. स्लिप झाला म्हणजे उठून कपडे झटकले. सोलपटला म्हणजे कोपर-गुडघे गेले. आपटला म्हटलं की घरच्यांना फोन लावायचा.

डिझेल सांडलंय : पहिल्या पावसात ट्रकच्या टाकीतून वळणावर सांडतं. ओल्या रस्त्यावर रंगीत पट्टा दिसला की रेस सोडायची, झुकवायची नाही, ब्रेकला हात लावायचा नाही, सरळ पार व्हायचं.

दाबणे : ट्रकने किंवा कंटेनरने बाजूला चेपत नेणे. 'दाबलं मला' असं म्हणतात, धडक नसते. यात ड्रायव्हरची दरवेळी चूक नसते. त्याच्या डाव्या बाजूच्या खालचा भाग त्याला आरशात दिसतच नाही. तिथे रेंगाळू नये. आरशात त्याचं तोंड दिसत नसेल तर त्याला आपणही दिसत नाही असं धरावं.

न्यूट्रलवर सोडणे : पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा. इगतपुरीकडून खाली जाणारे अजूनही हे करतात आणि मोठ्या अभिमानाने सांगतात. गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल टाकलं की सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, मग ब्रेक दाबला तरी 'धरत नाही'. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. वाचलेल्या पेट्रोलात एक कटिंग चहा येत नाही.

अप्पर-डिप्पर : समोरच्याने अप्पर मारला, म्हणजे हेडलाइट चमकवला, तर 'थांब, मी आधी येतोय'. एसटीवाल्याने मारला तर चर्चा नाही, थांबायचं.

पावसाळ्यात त्र्यंबकजवळच्या पहिन्याला जाणाऱ्यांसाठी : तिथे घाटापेक्षा माणसांची भीती. वळणावरच गाडी लावून धबधब्याचा फोटो काढतात, धुक्यात दिसतच नाहीत.

अवांतर : समृद्धी आमच्या उशाशी आहे, जून २०२५ पासून पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाली. दोन चाकांना बंदी. तेव्हा आपलं नशीब जुन्या हायवेवरच.

शेवटून_पहिला

@घोटीकर, कचेसाठी आमच्या ग्रुपमध्येही 'कच'च म्हणतात. 'ग्रॅव्हल' म्हणेपर्यंत मागचा पडलेला असतो. घ्या, धागाकर्त्याच्या बाजूने एक मत.

पिंपळगाव-लासलगाव बाजूची भर : कांद्याच्या हंगामात रात्री मागे लाइट नसलेली ट्रॉली. आम्ही तिला 'आंधळी' म्हणतो. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर 'आंधळी आहे' एवढं ऐकलं की सगळे रेस सोडतात.

सौदा_पक्का

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. धंद्याची भाषा फोडतोय, बंधूंनी माफ करावं.

'सिंगल हँड' : मालक एकच, चालवणारी पोरं चार.
'घरगुती वापर' : कॉलेजला जायची.
'इंजिनला पाना लागलेला नाही' : नटबोल्टच्या कडा बघा. पाना घसरून गोल झालेल्या असतील तर लागलाय. नटांवर जुना रंग तसाच असेल तर खरं बोलतोय.
'टायर नवीन' : एक. दुसरा गोटा. (नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला गोटा म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांसाठी.)
'रनिंग कमी' : मीटरकडे बघू नका. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची कड आणि हँडलच्या मुठी बघा. मीटर फिरवता येतं, पेडलची झीज फिरवणारा अजून भेटला नाही.
'किरकोळ काम आहे' : बसा, चहा घ्या. (पाना_दहाअकरा यांच्या वडिलांकडून साभार.)
'ॲव्हरेज पन्नास' : उतारावर, मागे कोणी नसताना.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवलंय. गार गाडी कितव्या किकेला उठते, चालू होताना निळा धूर टाकते का, तिथेच सगळं कळतं.

नवा_२१

छान धागा. प्रश्न : 'रिझर्व्हला लागली' म्हणजे नक्की काय? पप्पा सारखे म्हणतात. माझ्या गाडीत तर पेट्रोल संपत आलं की काटा लुकलुकतो फक्त.

पाना_दहाअकरा

@नवा_२१, पूर्वी टाकीखाली एक कॉक असायचा : चालू, बंद, रिझर्व्ह. 'चालू'ची नळी टाकीत उंचावर उघडते, 'रिझर्व्ह'ची तळाशी. पेट्रोल वरच्या नळीच्या खाली गेलं की गाडी चालता चालता आचके द्यायची. तेव्हा न थांबता डावा हात खाली नेऊन कॉक फिरवायचा. हे जमलं की गाडी आली असं आम्ही समजायचो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, फ्युएल इंजेक्शन जवळपास सगळीकडे झालं आणि बहुतेक गाड्यांतून चोक, कॉक, रिझर्व्ह एकदम गेले. शब्द मात्र राहिला. पप्पांच्या 'पगार रिझर्व्हला लागला'चा अर्थही आता लागेल.

बिनगिअरची

त्याच जातीची एक खूण. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच करता येत नाही. तरी समोरून येणारा प्रत्येक काका मूठ उघड-मीट करून दाखवतो, 'लाइट चालू आहे'. आधी मी थांबून समजावायचे. आता मीही हात हलवून 'हो काका' म्हणते.

दुधाची_राजदूत

तो काका मीच असेन बहुधा.

रात्रपाळी

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' होतं, तेव्हाचा एक शब्द आमच्या कंपनीच्या गेटवर जन्मला : 'पंपाचं हेल्मेट'. डोक्यासाठी नाही, पेट्रोलसाठी. ओळखीच्या चार जणांत एकच, रांगेत पुढून मागे फिरायचं. अजूनही पातळ, बकल तुटलेल्या हेल्मेटला आम्ही तेच म्हणतो.

गोदाकाठचा

@रात्रपाळी, हा शब्द मला माहीत नव्हता, आजपासून वापरणार.

एक शेवटचा प्रश्न, यावर आमच्या कट्ट्यावर एकमत नाही. पेट्रोल संपलेल्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला दुसऱ्या गाडीवरच्याने पाय टेकवून पंपापर्यंत ढकलत न्यायचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? एकजण 'टोचन' म्हणतो, दुसरा म्हणतो टोचन दोर बांधूनच.

घोटीकर

टोचन दोरानेच. ट्रॅक्टरला, जीपला. गाडीला 'पाय लावणे'. 'भाऊ, पाय लावता का पंपापर्यंत?' असं विचारायचं, नाही म्हणणारा माणूस या रस्त्याला भेटत नाही.

पाना_दहाअकरा

पाय लावणेच. आणि पुढच्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, ब्रेकला उगाच हात लावायचा नाही. मागच्याने डावा पाय लावायचा म्हणजे पुढची गाडी रस्त्याच्या कडेला राहते. उड्डाणपुलावर अजिबात करू नका, खालच्या सर्व्हिस रोडने न्या.

मिसळ_जहाल

आणि पंपावर पोचल्यावर पाय लावणाऱ्याला शंभरचं पेट्रोल विचारायचं. तो नाही म्हणतो. पण विचारायचं.